रनटाइम पीएमच्या लॉकवर कोअर ताटकळतात. ऊर्जाबचत न गमावता ही चढाओढ कशी कमी करावी?

अंबड_ड्रायव्हर (प्रश्न)

नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कंपनीत मी लिनक्स ड्रायव्हर लिहिण्याचे काम करतो. यंत्रांच्या कंपनांची सतत नोंद घेणारी एक पेटी आम्ही बनवतो. तिच्यात चार कोअरचा ६४ बिट आर्म प्रोसेसर आहे आणि त्याच चिपवरच्या एफपीजीए (हवे तसे सर्किट घडवता येणाऱ्या) भागात आमचा गणन-ब्लॉक आहे. बत्तीस सेन्सरांचे नमुने लहान लहान बफरमध्ये भरून वेगवेगळे थ्रेड हे बफर त्या ब्लॉककडे पाठवतात. ग्राइंडिंगची धूळ आणि कूलंटचे तुषार आत जाऊ नयेत म्हणून पेटी पूर्ण बंदिस्त आहे आणि तिला पंखा नाही. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि पत्र्याच्या शेडखालच्या पॅनेलमध्ये तो त्याहून बराच वर जातो. त्यामुळे काम नसताना ब्लॉक झोपवणे हा आमच्याकडे वीजबिलाचा नव्हे, तर पेटी उन्हाळा काढेल की नाही याचा प्रश्न आहे.

काम नसलेले उपकरण झोपवण्यासाठी लिनक्समधली रनटाइम पीएमची सोय आम्ही वापरतो. सध्याच्या ड्रायव्हरमध्ये प्रत्येक बफर पाठवण्यापूर्वी पीएम_रनटाइम_गेट_सिंक (उपकरण जागे कर आणि झोपू देऊ नकोस, अशी मागणी) बोलावले जाते. काम संपल्याचा इंटरप्ट आला की मार्क_लास्ट_बिझी (शेवटच्या कामाची वेळ नोंदणे) आणि पुट_ऑटोसस्पेंड (मागणी सोडणे, म्हणजे ठरलेल्या विलंबाने उपकरण झोपू शकते) होते. भार वाढला की पर्फ या मोजमापाच्या साधनाच्या यादीत स्पिनलॉक (कोअर जागीच फिरत वाट पाहतो असा लॉक) सर्वांत वर दिसतो आणि त्याच्यामागे गेट_सिंकच्या आतले रिझ्यूम फंक्शन असते. नवल असे की त्या वेळी ब्लॉक जागाच असतो, त्याला उठवण्याचे काही कामच नसते. ऑटोसस्पेंडचा विलंब ५० मिलिसेकंदांवरून २ सेकंदांवर नेऊन पाहिला, तेव्हा झोप-जाग कमी झाली, पण लॉकवरची गर्दी तशीच राहिली.

माझे दोन प्रश्न आहेत. उपकरण जागे असतानाही कर्नल लॉक का घेते? आणि पीएम_रनटाइम_अॅक्टिव्ह (उपकरण जागे आहे का) तपासून, उत्तर होकारार्थी आले तर गेट_सिंक टाळले तर चालेल का? ‘आयआरक्यू सेफ लावून टाका, म्हणजे वेग वाढेल,’ असाही सल्ला एका सहकाऱ्याने दिला आहे. त्यावरही मत हवे आहे.

गोदाकाठ

प्रश्न नीट मांडला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

रनटाइम पीएमची चौकट २००९ साली, कर्नल २.६.३२ मध्ये आली. तेव्हापासून प्रत्येक उपकरणाच्या रचनेत एक पॉवर लॉक, एक वापर-गणक आणि एक स्थिती अशा तीन गोष्टी आहेत. गेट_सिंक प्रथम वापर-गणक अॅटॉमिक (मध्ये कोणी घुसू न शकणाऱ्या) पद्धतीने एकाने वाढवते आणि मग इंटरप्ट बंद करून पॉवर लॉक घेते. उपकरण आधीच जागे असले तरी हा लॉक चुकत नाही. आत जाऊन ‘स्थिती अॅक्टिव्ह आहे’ एवढेच पाहायचे असते, पण ते पाहण्यासाठीही लॉक लागतो. पुटची बाजू मात्र वेगळी आहे. गणक कमी केल्यावर तो शून्यावर आला नसेल तर पुट लॉकला न शिवता परत येते. म्हणजे गर्दीच्या वेळी तुमचा सगळा खर्च गेटच्या बाजूला होतो, पुटच्या नव्हे. विलंब वाढवून गर्दी का हटली नाही, याचे उत्तरही यातच आहे. विलंब फक्त झोपण्याची वेळ पुढे ढकलतो, गेटच्या फेऱ्या तेवढ्याच राहतात. लासलगावच्या बाजार समितीचे फाटक सताड उघडे असूनही प्रत्येक ट्रॅक्टर फाटकापाशी नोंदीला थांबावा, तशी ही अवस्था आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरा धोका तिथे आहे. स्थिती तपासून गेट टाळणे चालणार नाही. तुम्ही ‘जागे आहे’ असे वाचले आणि रजिस्टरला हात लावणार, एवढ्यात टायमर संपून दुसऱ्या कोअरने ब्लॉकचे घड्याळ बंद केले, तर काही चिपांवर बस अडकते आणि काहींवर नुसता कचरा वाचला जातो. यावर पुष्कळ जण म्हणतात, ‘मग आधी गेट_नोरिझ्यूमने (उपकरण न उठवता) गणक वाढवू आणि मगच स्थिती वाचू.’ हे ऐकायला बरे वाटते, पण तेही अपुरेच आहे. झोपवणारा कोअर लॉकच्या आत आधी गणक पाहतो आणि मग स्थिती ‘सस्पेंडिंग’ करतो. त्याने गणक शून्य पाहिला, त्यानंतर तुम्ही गणक वाढवला, तुम्ही स्थिती वाचली तेव्हा ती अजून अॅक्टिव्हच होती, आणि मग त्याने ती बदलली. दोघांनी आपापला नियम पाळला, तरी ब्लॉक तुमच्या हाताखाली झोपला. मेमरी बॅरियर (वाचन-लेखनाचा क्रम बांधणाऱ्या सूचना) कितीही घातले तरी हा क्रम सुटत नाही, कारण झोपवणारा आधी मोजतो आणि नंतर जाहीर करतो. ही दोन कामे एकजीव ठेवण्यासाठीच तो लॉक आहे.

तेव्हा लॉक टाळायचा असेल तर मार्ग दोनच उरतात. एक म्हणजे उपकरण झोपूच शकणार नाही असा संदर्भ (गणकातली आपली नोंद) आधीपासून हातात असणे. दुसरा म्हणजे झोपवणाऱ्याने आधी जाहीर करणे आणि नंतर मोजणे. यातला पहिला मार्ग तुमच्या ड्रायव्हरच्या आवाक्यात आहे. बफरागणिक गेट करण्याऐवजी नोंदीचे सत्र सुरू होताना एकदा गेट आणि सत्र संपताना एकदा पुट करा. बहुतेक ड्रायव्हरांना एवढे पुरते.

सातपूर_पॅनेल

गोदाकाठ यांच्या विवेचनात मोजमापाची भर घालतो, कारण या लॉकच्या बाबतीत मोजताना हमखास दिशाभूल होते.

लॉक_स्टॅट (कर्नलची लॉकांची आकडेवारी) सुरू करून प्रॉकखालची फाइल वाचली तर पॉवर लॉकची एकच ओळ दिसते, मग यंत्रात उपकरणे कितीही असोत. सर्व उपकरणांचा पॉवर लॉक एकाच ठिकाणी, एकाच ओळीत तयार होतो आणि लॉकडेप (कर्नलमधला लॉक तपासणारा भाग) लॉकांचे वर्ग तयार होण्याच्या जागेवरून ठरवते. त्यामुळे तुमचा ब्लॉक, यूएसबी, सिरीयल पोर्ट असे सगळे त्या एका ओळीत मिसळतात. त्या ओळीखाली चढाओढीच्या काही जागा दिलेल्या असतात, पण सगळे गेट_सिंकमधूनच येत असल्याने तीही माहिती फारशी उपयोगी पडत नाही. म्हणून पर्फ लॉक कंटेन्शन वापरावे. कर्नल ५.१९ पासून चढाओढ सुरू झाल्याचे आणि संपल्याचे ट्रेसपॉइंट (कर्नलमधल्या नोंदीच्या जागा) उपलब्ध आहेत, त्यांवरून पूर्ण कॉल स्टॅकसह थांबण्याचा वेळ कळतो आणि गर्दी नक्की कोणत्या ड्रायव्हरमुळे होते ते उघड होते.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. मोजताना लॉक सिद्ध करणारे डीबग पर्याय बंद असल्याची खात्री करा. प्रूव्ह लॉकिंग चालू असलेल्या कर्नलवर प्रत्येक लॉक इतका जड होतो की नसलेली गर्दीसुद्धा दिसू लागते. कर्नलचा वेग आणि कर्नलचा बिनचूकपणा एकाच बिल्डवर तपासू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आर्म ६४ वर ४.१९ पासून रांगेचे स्पिनलॉक आले आहेत. त्यांत रांगेत मागे थांबलेला कोअर स्वतःच्या कॅश लाइनवर (कॅशमधल्या मेमरीच्या तुकड्यावर) फिरत राहतो. त्यामुळे आपली गर्दी आता पूर्वीइतकी बेशिस्त नाही, पण थांबणे ते थांबणेच.

अंबड_ड्रायव्हर

दोघांचेही आभार. पर्फ लॉक कंटेन्शनमधून शंका फिटली, कारण जवळजवळ सगळा थांबा आमच्याच बफर पाठवण्याच्या मार्गावर आहे.

मात्र सत्राच्या सुरुवातीला एकदाच गेट करण्याचा उपाय आमच्याकडे लागू पडत नाही. पाळी सुरू होताना सत्र उघडले जाते आणि पाळी संपताना बंद होते. मधल्या काळात जॉब बदलताना, टूल बदलताना किंवा कामगार चहाला गेल्यावर यंत्र थांबते आणि ब्लॉक झोपण्याची संधी तेव्हाच असते. सत्रभर संदर्भ धरून ठेवला तर लॉकची तक्रार संपेल, पण पेटी तापत राहील.

शिक्षक_नाशिक

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो आणि हाच प्रश्न दरवर्षी या ना त्या रूपात वर्गात येतो, म्हणून लिहितो.

आपल्याला सत्राच्या नव्हे, तर ‘सध्या ब्लॉककडे असलेल्या बफरांच्या’ पातळीवर संदर्भ धरायचा आहे. त्यासाठी ड्रायव्हरमध्ये स्वतःचा एक अॅटॉमिक गणक आणि एक म्यूटेक्स (वाट पाहणारा थ्रेड झोपतो असा लॉक) ठेवावा. बफर पाठवताना ‘शून्य नसेल तरच एकाने वाढव’ ही क्रिया करावी. ती यशस्वी झाली, तर कोणीतरी आधीच संदर्भ धरून बसले आहे, ब्लॉक जागा आहे आणि आपण पॉवर लॉकपर्यंत जाण्याचे कारण नाही. ती अयशस्वी झाली तरच म्यूटेक्स घ्यावा. गणक अजून शून्य आहे का ते आत पुन्हा पाहावे, असल्यास रनटाइम पीएमकडून ब्लॉक जागा करून घ्यावा, आणि तो खरोखर जागा झाल्यावरच गणक वाढवून म्यूटेक्स सोडावा. परतीच्या मार्गावर ‘एक नसेल तरच एकाने कमी कर’ ही क्रिया असते. ती फसली, म्हणजे आपण शेवटचे असलो, तरच म्यूटेक्सच्या आत जाऊन शून्य करायचे आणि मार्क_लास्ट_बिझी व पुट_ऑटोसस्पेंड बोलवायचे.

‘हे तर कर्नलच्या वापर-गणकासारखेच झाले, मग तोच का वाचू नये,’ असे विद्यार्थी विचारतात. फरक वाढवण्याच्या वेळेत आहे. कर्नल आपला गणक आधी वाढवते आणि उपकरण मागाहून उठवते. शिवाय गेट_नोरिझ्यूम तर उपकरण न उठवताच गणक वाढवते. त्यामुळे कर्नलचा गणक शून्य नाही याचा अर्थ ‘झोपू देऊ नका’ एवढाच होतो, ‘जागे आहे’ असा होत नाही. आपला गणक जागे झाल्यानंतरच वाढतो, म्हणून त्याचा शब्द धरता येतो. यशस्वी झालेली ‘शून्य नसेल तर वाढव’ क्रिया कर्नलच्या नियमांनुसार पूर्ण क्रमबद्ध असते, त्यामुळे वेगळा बॅरियर लागत नाही.

या रचनेचे सौंदर्य असे की गर्दी असते तेव्हा गणक शून्यावर येत नाही, आणि शून्यावर येतो तेव्हा गर्दी नसते. महाग वाट फक्त निवांत वेळी चालावी लागते. ही कल्पना माझी नाही. इंटेलच्या आय९१५ ग्राफिक्स ड्रायव्हरमधील वेकरेफ अगदी याच पद्धतीने चालतो. त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. शेवटचा पुट इंटरप्टमधून आला तर तिथे म्यूटेक्स घेता येत नाही, म्हणून ते काम वर्कक्यूकडे (नंतर करायच्या कामांच्या रांगेकडे) सोपवले जाते. तुमचाही पुट इंटरप्टमध्येच होतो, तेव्हा तशी सोय करावी लागेल.

गोदाकाठ यांनी सांगितलेला दुसरा मार्ग, म्हणजे आधी जाहीर करून मग मोजणे, पाहायचा असेल तर ब्लॉक लेयर (कर्नलचा डिस्क हाताळणारा भाग, आपल्या गणन-ब्लॉकशी त्याचा संबंध नाही) वाचावा. तिथे प्रत्येक विनंतीचा हिशेब कोअरनिहाय गणकात ठेवला जातो, त्यामुळे कोअर एकमेकांची कॅश लाइनसुद्धा ओढत नाहीत. रांग झोपवायची झाली की आधी ‘फक्त पीएमच्या विनंत्या चालतील’ अशी खूण लावली जाते, मग कोअरनिहाय गणक एकत्रित रूपात आणला जातो आणि तो शून्य असेल तरच डिस्क झोपते, नाहीतर खूण काढून घेतात. रोजच्या वाटेवर जवळजवळ काहीच खर्च नाही आणि झोपवण्याच्या वाटेवर आरसीयूचा ग्रेस पिरियड (सर्व कोअरांचे चालू वाचन उरकण्याचा काळ) संपेपर्यंत थांबण्याइतका मोठा खर्च, असा हा सौदा आहे. चार कोअरसाठी तो करू नये. एका अॅटॉमिक गणकाची ओढाताण चार कोअरांना सहज परवडते आणि कोअरनिहाय गणकाची गुंतागुंत पुढे तुमच्याच गळ्यात पडते.

गोदाकाठ

शिक्षकांच्या रचनेला माझी पूर्ण संमती आहे. दोन जोडण्या करतो.

जागे करताना जुन्या सवयीने गेट_सिंक लिहू नका. ते अयशस्वी झाले तरी वापर-गणक वाढलेलाच राहतो आणि चुकीच्या वाटेवर पुट विसरले की ब्लॉक कायमचा जागा राहतो. ५.१० पासून पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आहे, ते अपयश आल्यास गणक स्वतःच मागे घेते.

आयआरक्यू सेफचा सल्ला मात्र बाजूला ठेवा. तो वेगासाठी नाही, अॅटॉमिक संदर्भातून (इंटरप्टसारख्या, झोपता न येणाऱ्या जागेतून) उपकरण उठवता यावे यासाठी आहे, आणि त्याची किंमत तिहेरी आहे. पालक उपकरणावर कायमचा संदर्भ बसतो, त्यामुळे वरची बस किंवा पॉवर डोमेन झोपण्याची आशा बहुधा सोडावी लागते. कॉलबॅक चालताना पॉवर लॉक सोडला जातो हे खरे, पण इंटरप्ट बंदच राहतात, म्हणजे कॉलबॅकमध्ये झोपणारे काहीही चालत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. नेहमीच्या उपकरणात जाग येण्याची वाट पाहणारा थ्रेड वेट क्यूवर झोपतो. आयआरक्यू सेफ उपकरणात तो लॉक सोड, क्षणभर थांब, पुन्हा लॉक घे, अशा घिरट्या घालत राहतो. ज्या गर्दीची तक्रार घेऊन आपण इथे आलात, तीच या उपायाने वाढेल.

अंबड_ड्रायव्हर

गणकाची रचना बसवली. भाराखाली पर्फच्या यादीतून पॉवर लॉक खाली गेला आणि पेटी यंत्र थांबल्यावर पूर्वीसारखी झोपतेही आहे. सहकाऱ्यालाही हा धागा वाचायला दिला.

आता एक वेगळेच प्रकरण पुढे आले आहे. यंत्र पुन्हा सुरू होते त्या क्षणी पहिला बफर कधी कधी नको इतका रेंगाळतो. स्टॅक पाहिला तर आमच्या रिझ्यूम कॉलबॅकमधील क्लॉक_प्रिपेअर_एनेबल (घड्याळ तयार करून चालू करणारे फंक्शन) एका म्यूटेक्सवर थांबलेले दिसते. त्या वेळी आमच्या ब्लॉकचे दुसरे कोणतेही काम चालू नसते.

सातपूर_पॅनेल

काम तुमच्या ब्लॉकचे नसेल, पण म्यूटेक्स सगळ्यांचा आहे. क्लॉक चौकटीत प्रिपेअरसाठी एक म्यूटेक्स आणि एनेबलसाठी एक स्पिनलॉक आहे आणि हे दोन्ही संपूर्ण यंत्रणेसाठी एकेकच आहेत. प्रिपेअरमध्ये झोपण्याची मुभा असल्याने पीएलएल (घड्याळाची वारंवारता बनवणारे सर्किट) स्थिर होण्याची वाट पाहणे किंवा आय-स्क्वेअर-सीवरच्या घड्याळाच्या चिपशी बोलणे अशी सावकाश कामे तिथे होतात. बाकी कोणाचे असे काम चालू असेल तर तुमचा ब्लॉक त्याच्या मागे उभा राहतो, जरी दोघांच्या घड्याळांचा परस्परांशी काडीचा संबंध नसला तरी.

माझा उपाय असा आहे. प्रोबमध्येच (ड्रायव्हर उपकरणाला जोडला जाताना) घड्याळ प्रिपेअर करून ठेवा आणि रनटाइम कॉलबॅकमध्ये फक्त एनेबल-डिसेबल करा. त्यात स्पिनलॉक लागतो, पण तो फार थोडा वेळ धरलेला असतो. आधी चिपची कागदपत्रे मात्र पाहा. तुमच्या घड्याळाचे गेट एनेबलच्या पायरीवर असेल तर बचतीत फारसा फरक पडणार नाही. पण खरी वीज वरचा पीएलएल खात असेल आणि तो प्रिपेअरच्या पायरीवर चालू-बंद होत असेल, तर तो पाळीभर चालूच राहील. अशा वेळी पहिल्या बफरचा उशीर सोसावा, असे मी म्हणेन. बंदिस्त पेटीत उशिरापेक्षा उष्णता महाग पडते.

कोणताही बदल केल्यावर सिसएफएसमधील त्या उपकरणाच्या पॉवर फोल्डरमधले रनटाइम_अॅक्टिव्ह_टाइम आणि रनटाइम_सस्पेंडेड_टाइम पाहायला विसरू नका. लॉकची गर्दी संपली आणि झोपेचा आकडा वाढायचा थांबला, तर उपाय फसला असे समजावे. मात्र हे आकडे फक्त उपकरणाची स्थिती सांगतात, वरचा पीएलएल बंद झाला का ते क्लॉकच्या डीबगएफएसमधील सारांशात दिसते.

शिक्षक_नाशिक

एक बाब राहून गेली, ती पूर्ण यंत्रणा झोपते तेव्हाची आहे. सिस्टिम सस्पेंडच्या वेळी पीएम_रनटाइम_फोर्स_सस्पेंड वापरत असाल, तर ते उपकरण झोपवताना वापर-गणक शून्य होण्याची वाट पाहत नाही आणि तुमच्या ड्रायव्हरमधील नव्या गणकाची तर त्याला गंधवार्ताही नसते. तेव्हा कोणी बफर पाठवत असेल तर त्याची ‘शून्य नसेल तर वाढव’ क्रिया यशस्वी होईल आणि तो झोपलेल्या ब्लॉकला हात लावेल. म्हणून सस्पेंड कॉलबॅकमध्ये आधी नवे बफर घेणे थांबवा, ब्लॉककडे असलेले बफर संपेपर्यंत वाट पाहा, शेवटच्या पुटचे वर्कक्यूवरचे काम उरकले असल्याची खात्री करा आणि मगच फोर्स_सस्पेंड बोलवा. ड्रायव्हर काढून टाकतानाही हाच क्रम पाळावा, नाहीतर वर्कक्यूवरचे काम मोकळ्या झालेल्या मेमरीवर चालेल.

अंबड_ड्रायव्हर

रिमूव्हमध्ये वर्क रद्द करण्याची ओळ नव्हतीच, ती आता घातली आहे. घड्याळाचे गेट एनेबलच्या पायरीवर आहे असे चिपच्या पुस्तिकेत सापडले, त्यामुळे प्रिपेअर प्रोबमध्ये हलवतो. सस्पेंडचा क्रम बदलून झाल्यावर पॅच इथेच टाकीन. मेमरीचा क्रम मी बरोबर धरला आहे का, ते कृपया पाहावे.